खडूची जखम आणि परबमामा

परबमामांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकाही पेशंटला ‘दुखणार नाही’ असं सांगितलं नाही. आम्ही डॉक्टर मंडळी हे वाक्य उठताबसता म्हणायचो आणि पुढच्या क्षणी पेशंट किंचाळायचा. मामा मात्र आधीच सगळं सांगून टाकायचे. “दुखणार. आधी मुंगी चावल्यासारखं थोडा वेळ, मग एकदा जोरात, तेव्हा आईची आठवण काढायची, मग संपलं.” आणि अगदी तसंच व्हायचं. जोरात दुखायच्या आधी ते हळूच “आता” म्हणायचे. त्या शब्दावर चांगले दांडगे रिक्षावाले डोळे मिटून घ्यायचे आणि हूं की चूं करायचे नाहीत.

बोरिवलीतल्या पालिकेच्या एका छोट्या रुग्णालयात मामा ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा माणूस. कागदोपत्री त्याची जागा वॉर्डबॉयच्या एक पायरी वर आणि नर्सच्या बऱ्याच पायऱ्या खाली. मामांनी तो कागद कधी वाचलेला नसावा. ऐंशीच्या आसपास मी तिथं सर्जरीची ज्युनियर डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. ते जमिनीवर आणायचं काम मामांनी पहिल्याच दिवशी केलं.

एका रिक्षावाल्याच्या गुडघ्याला गॉज, म्हणजे जखमेवरचं जाळीदार कापड, चिकटला होता. बाहेर लांब रांग. मी चिमट्यानं गॉज धरला आणि ओढणार, एवढ्यात शेजारून आवाज आला, “बाई, हात काढा.”

मी वर पाहिलं. बुटका, काळासावळा, काटकुळा माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खाकी पँट, दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला चष्मा.

“गॉज चिकटलाय,” मी म्हटलं.

“चिकटणारच. पापड पोळपाटाला चिकटला तर तुमची आई काय करते? ओढून फाडते?”

“इथं पन्नास पेशंट खोळंबलेत.”

“खोळंबू देत. रात्रभर जखमेनं जी नवी कातडी धरली, ती तुम्ही गॉजबरोबर उपटताय. उद्या तिनं परत पहिल्यापासून सुरुवात करायची. घाई असेल तर चहा पिऊन या. तोवर तो आपला आपण सुटतो.”

मी तणतणत गेले आणि खरोखरच चहा पिऊन आले. परत आले तर गॉज ट्रेमध्ये पडलेला, गुडघा गुलाबी, आणि मामा त्या रिक्षावाल्याशी पेट्रोलच्या भावावर बोलत उभे. मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, हे मला पुढे कळलं तेव्हा जास्त झोंबलं.

मामांचे वडील परळच्या एका गिरणीत होते, आणि मामाही आधी तिथंच लागले होते. गिरणीच्या दवाखान्यात यंत्रात सापडलेले हात यायचे. तिथल्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं त्यांना पट्टी बांधायला शिकवलं. यापलीकडे त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल मला फारसं ठाऊक नाही. कुडाळकडचं गाव, बोरिवली पूर्वेला चाळीतली एक खोली, बायको, दोन मुली. घरच्या गोष्टी ते ड्रेसिंग रूममध्ये आणत नसत. आणायचे ते फक्त मालवणी, आणि तीही पेशंट अगदी घाबरला असेल किंवा स्वतः रंगात आले असतील तरच. एरवी आमच्याशी स्वच्छ मुंबईचं मराठी, थोडं उर्मटच.

पट्टी सोडताना ते पेशंटच्या तोंडाकडे कधीच बघत नसत. बघायचे ते त्याच्या पायांकडे. मला वाटायचं, हा माणूस शिष्ट आहे. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, “बाई, तोंडाला खोटं बोलायची सवय असते. बायका हसून दाखवतात, पुरुष मिशीला पीळ देतात. पायाची बोटं आखडली की समजायचं, आता थांबायला पाहिजे.” तेव्हापासून मीही पेशंटच्या चपला काढून ठेवायला लावते. माझ्या दवाखान्यातल्या मुलींना वाटतं, बाईंना स्वच्छतेचं वेड आहे.

जखमांनाही ते माणसांसारखे स्वभाव चिकटवायचे. “ही आळशी आहे, हिच्या मागे रोज लागायला हवं.” “ही भांडकुदळ, हिला दोन दिवस एकटी सोडा.” “ही वरून गोडगोड बोलतेय, आत पू धरून बसलीय.” जुना गॉज ते नाकाजवळ नेऊन हुंगायचे आणि लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी सांगून मोकळे व्हायचे. आमचे सर, म्हणजे सर्जरीचे मुख्य, तापट गृहस्थ. सबंध रुग्णालय त्यांना टरकून असायचं. पण राउंडला एखादी जखम बघून झाली की तेही क्षणभर मामांकडे नजर टाकत. मामांनी मान हलवली की पुढे. नाही हलवली, की सर उगाचच ओरडायचे, “काय परब, आता तुमची परवानगी लागणार का?” आणि परत वाकून जखम बघायचे.

या सगळ्यात माझ्या मनात कायमची राहिली ती धुर्पाबाईची गोष्ट.

धुर्पाबाई मनोरीची. कोळीण. पंचेचाळिशीची, उभ्या बांध्याची, आवाज असा की ओपीडीच्या दारातून बोलली तर एक्स-रेवाला बाहेर यायचा. मनोरीहून होडीनं मार्व्याला, तिथून बसनं मालाडच्या बाजारात, असा तिचा रोजचा रस्ता. बाजारातली तिची बसायची जागा तिच्या आईची होती. त्याच फळीवर आईनं पापलेटं विकली, त्याच फळीवर ही विकत होती. ती आमच्याकडे आली तेव्हा दोन महिने ती जागा सुनेच्या ताब्यात होती, आणि सुनेला भाव करता येत नाही, हे तिनं केसपेपर काढणाऱ्या क्लार्कलासुद्धा सांगितलं होतं.

तिचे हात मी उलटसुलट करून पाहिले. बोटांची कातडी ताणून बसवल्यासारखी, चकचकीत. गारवा लागला की बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. आणि टोकांना जखमा. त्या जखमांतून रक्त नाही, पू नाही, पांढरा चुरा बाहेर येत होता. फळ्यावरच्या खडूचा भुगा ओला केला तर दिसेल तसा. दोन्ही कोपरांवर चिंचोक्याएवढे टणक गोळे. उजव्या हाताची अंगठ्याजवळची पहिली दोन बोटं तर अशी सुजली होती, की पदराचं टोक लागलं तरी ती कळवळायची.

“गावात म्हनतात, पान खातेस त्याचा चुना भायेर येतो,” ती म्हणाली. “पान सोडलं मी. तीस वर्सांचं पान. काय झालं? काय नाय झालं.”

एक्स-रेत बोटांच्या टोकांना साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे दाणे दिसत होते. तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून चिठ्ठी आली. कातडी हळूहळू कडक होत जाण्याचा आजार. त्यात बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि कॅल्शियम जिथं बसायला नको तिथं, कातडीखाली, खडे होऊन बसतं. रक्तातलं कॅल्शियम अगदी बरोबर असतं. खडे विरघळवणारं खात्रीचं औषध नाही. हात गरम ठेवा, वाहिन्या सैल करणारी गोळी द्या, जखमा सांभाळा.

सरांनी जखम तपासायच्या बारीक सळईनं उजव्या हाताच्या त्या दोन जखमांचा तळ चाचपला. सळई टणक जागी लागली. “हाडापर्यंत गेलंय,” ते म्हणाले. “ही दोन बोटं मधल्या पेरातून काढावी लागतील. उशीर केला तर अख्खा हात जाईल.”

धुर्पाबाईनं शांतपणे विचारलं, “आनि मासळी कोन कापील? तुमी येनार मालाडला?”

सरांना असं विचारणारं माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. ते काही बोलायच्या आत मामा म्हणाले, “साहेब, ते हाड नाही.”

“काय?”

“हाडाला सळई लागली की खट होतं. इथं करकरलं. खडू आहे तो. हाड त्याच्या खाली आहे, आणि झाकलेलं आहे.”

सरांनी परत सळई घातली. धुर्पाबाईच्या पायाची बोटं आखडली, तसा मामांनी सरांचा हात धरला. खरंच धरला. एका ड्रेसरनं मुख्य सर्जनचा हात धरलेला मी परत कधी पाहिला नाही. सरांनी मामांकडे पाहिलं, हात मागे घेतला, आणि म्हणाले, “एक महिना. महिन्यानं मला ती बोटं बरी दिसली नाहीत तर मी कापणार. मग मध्ये बोलायचं नाही.”

“नाही बोलणार,” मामा म्हणाले. आपण काय कबूल केलं याची त्यांना जराही धास्ती दिसत नव्हती. धास्ती मला वाटत होती.

पहिल्याच ड्रेसिंगला त्यांनी एक गोष्ट हेरली. सलाईनची काचेची बाटली उघडून त्यांनी जखमेवर धार धरली मात्र, धुर्पाबाईची बोटं पांढरी पडली आणि पायाची बोटं आवळली गेली. अजून जखमेला कुणी हातही लावला नव्हता. “म्हणजे दुखतंय ते जखमेनं नाही, गारव्यानं,” मामा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सलाईनची बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची, मग मनगटावर धार सोडून बघायची, लहान बाळाचं दूध बघतात तशी. गरम पाणी कँटीनमधून यायचं. त्यावरून मामांचं सिस्टरशी भांडण झालं, कँटीनवाल्याशी झालं, आणि शेवटी माझ्याशीही झालं. कारण धुर्पाबाईचं ड्रेसिंग चालू असेतोवर पंखा बंद. मे महिना. त्या खुराड्यात आम्ही तिघं घामानं निथळत असायचो.

“मामा, पंखा एकवर तरी ठेवा,” मी म्हणायची.

“तुमचा घाम पुसता येतो बाई. तिचं बोट परत लावता येत नाही.”

अर्धा तास बोटं कोमट सलाईनमध्ये. मग बारीक सुईच्या टोकानं जो दाणा आपण होऊन सैल झाला असेल तेवढाच उचलायचा. कोरायचं नाही, दाबायचं नाही. एखाद्या दिवशी तीन दाणे निघायचे, एखाद्या दिवशी एकही नाही. मग मामा नुसती मान हलवून पट्टी बांधायचे. मी एकदा उतावीळपणे म्हटलं, “जरासं दाबलं तर येईल की तो.” ते म्हणाले, “येईल. आणि येताना बोट घेऊन येईल.” दरम्यान कोपरांवरचे मोठे गोळे मी भूल देऊन काढले. तेवढंच माझं कर्तृत्व.

पहिला मोठा दाणा निघाला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मामा खूश होते. सुईच्या टोकावर तो धरून त्यांनी तिला दाखवला आणि मालवणीत म्हणाले, “ह्या बघ गो. तुझ्या आंगातला कॅल्शियम. भायर पडाक लागला.” धुर्पाबाईनं तो दाणा डोळे बारीक करून पाहिला. मान डोलावली. मामांना वाटलं, तिला समजलं. मलाही वाटलं.

तीन आठवड्यांत मधलं बोट भरून आलं. पहिल्याचा ठणका कमी झाला. सर राउंडला बघून “हं” म्हणाले. त्यांचं “हं” म्हणजे आम्हाला बक्षीस होतं.

आणि चौथ्या आठवड्यात धुर्पाबाई उजव्या हाताला फडकं गुंडाळून आली. मामांनी फडकं सोडलं. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं शिरेत सुई देतात तिथं, लालभडक, दगडासारखा टणक चट्टा. मध्यभागी कातडी काळी पडायला लागलेली. सगळा हात परत सुजलेला, बोटांसकट.

“हे काय केलंस?” मामांनी विचारलं.

“सुई घेतली.”

“कसली सुई?”

“गरम सुई.”

आता त्या काळातली ही गरम सुई काय चीज होती, ते सांगायला हवं. कॅल्शियमचं इंजेक्शन. गल्लोगल्ली दवाखान्यांत मिळायचं. अशक्तपणा, चक्कर, कंबरदुखी, कशावरही. शिरेत हळूहळू सोडलं की कानापासून तळपायापर्यंत ऊब धावायची. बायका दवाखान्यात जाऊन स्वतःच मागायच्या, “डॉक्टर, ती गरम सुई द्या.” ऊब आली म्हणजे ताकद आली, असा हिशेब.

“तुमीच म्हनालात ना,” धुर्पाबाई म्हणाली, “अंगातला कॅल्शियम भायेर पडतोय म्हनून. मग भरायला नको? होडीत रोज पानी आत आलं तर उपसतो. भायेर गेलं तर भरायला नको? तीन सुया घेतल्या. पयल्या दोन बऱ्या गेल्या. तिसरीला शीर गावली नाय, डाक्टरनं तशीच दिली.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आनि मामा, खोटं कशाला बोलू. सुई घेतली की माजी बोटं गरम व्हायची. वरीस झालं, माजी बोटं कवा गरम नाय झाली.”

तिच्या कडक झालेल्या कातडीखाली शीर सापडणं आम्हालाही मुश्कील होतं. औषध शिरेबाहेर गेलं, आणि कातडीखाली कॅल्शियमचा नवाच साठा होऊन बसला. ज्या रोगासाठी ती आमच्याकडे येत होती, तोच तिनं पैसे मोजून आणखी एका जागी करून घेतला होता. आणि तिच्या बाजूनं पाहिलं तर तिचं काय चुकलं होतं?

सर आले, बघितलं, आणि भडकले. “या बाईला सांगून उपयोग नाही. महिना संपला. उद्याच्या ऑपरेशनच्या लिस्टवर घ्या.”

“साहेब,” मामा म्हणाले, “चूक तिची नाही. माझी.”

“तुमची कशी?”

“कॅल्शियम बाहेर पडतंय, असं मी तिला सांगितलं. पडतंय ते बरं, असं नाही सांगितलं. अर्धं सांगितलं. उरलेलं तिनं स्वतः भरलं.”

मी मामांकडे बघत होते. आयुष्यभर पेशंटला खरं सांगणारा माणूस, आणि त्याच खऱ्यानं घात केला होता. त्यांचा चेहरा पडला होता, पण आवाज नाही. ते पुढे म्हणाले, “शब्द दिला होता, मध्ये बोलणार नाही. पण हा महिना बोटांना पुरा मिळाला नाही, त्यातला एक आठवडा माझ्या जिभेनं खाल्ला. तेवढा परत द्या. आठ दिवस. मग मी स्वतः तिला टेबलवर आणतो.”

धुर्पाबाई मध्येच म्हणाली, “मामांची काय चूक? सुई मी घेतली.”

“तू गप,” मामा म्हणाले. हे त्यांनी पेशंटला उद्देशून म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं.

सर खिडकीशी गेले आणि मागे न वळता म्हणाले, “आठ दिवस. रोज दोनदा. आणि रविवारी?”

“रविवारी मी येतो.”

तिला वॉर्डात भरती केलं. मामा सकाळ-संध्याकाळ, रविवारीसुद्धा. सुई देणाऱ्या दवाखान्याच्या त्या डॉक्टरला त्यांनी एक अक्षर वाईट म्हटलं नाही. फक्त होडीनं मनोरीच्या बाजूला जाणाऱ्या एका नर्सबरोबर निरोप पाठवला, की ही बाई परत सुई मागायला आली तर तिला माझ्याकडे पाठवा. आठव्या दिवशी सर आले. सूज उतरली होती. मधलं बोट शाबूत. पहिल्या बोटाचं टोक, नखाएवढं, काळं आणि कोरडं पडलं होतं.

“हे जाणार,” सर म्हणाले.

“जाणार,” मामा म्हणाले. “पण तुम्ही कापलंत तर पेरातून जाईल. आपणहून गेलं तर तेवढंच जाईल. तिला मी सांगितलंय.” मग धुर्पाबाईकडे वळून, “काय सांगितलं मी? तुझ्या शब्दांत सांग.”

धुर्पाबाई शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली, “काला तुकडा गलनार. तो गलला म्हनून बोंबलायचं नाय. बोट ऱ्हानार. सुई घ्यायची नाय. खडू भायेर आला म्हंजे बरं झालं, कमी नाय झालं.”

सरांनी केसपेपर मिटला. मग म्हणाले, “परब, हे मलाही शिकवा.” ते चेष्टा करत होते की नाही, ते मला ओळखता आलं नाही. पण त्या दिवसानंतर मामा कुठल्याही पेशंटला सांगून झालं, की त्याच्याकडून ते परत वदवून घेत. एकेक पेशंट असं काही सांगायचा, की आम्ही कपाळावर हात मारायचो. मामा न कंटाळता परत पहिल्यापासून.

तो काळा तुकडा पंधरा दिवसांनी पट्टीबरोबर आपसूक निघाला. मामांनी तो गॉजमध्ये ठेवून तिला दाखवला. तिनं मागून घेतला. “दर्याला देते,” म्हणाली. “उरलेलं त्यानं मागू नये.” मामांनी गॉजची नीट घडी घालून दिली. सुईचा चट्टा भरायला मात्र चार महिने लागले, आणि ते चार महिने धुर्पाबाईनं होडी आणि बस करत ड्रेसिंगचा एकही वार चुकवला नाही.

शेवटी तिच्या जखमा भरत आल्या आणि खरी लढाई सुरू झाली. सरांनी बजावलं होतं, बर्फाला हात लावायचा नाही. कोळणीला.

“बरफाशिवाय पापलेट? दुपारपावतर त्याला कोन नाक लावनार नाय,” ती म्हणाली.

“मग सुका इक,” मामा म्हणाले.

धुर्पाबाई अशी बघत राहिली, जणू मामांनी तिला भीक मागायला सांगितलं होतं. “माज्या आयनं त्या फळीवर पापलेटं इकली. मी तिथं बोंबलाच्या माला टांगू?”

“आमच्या मालवणात पावसात अख्खो गाव सुक्यावर जगता.”

“तुमच्या मालवनातलं सुकं? वाळू लागते त्याला.”

हे असं पाच-सहा ड्रेसिंगं चाललं. मालवणचं सुकं बरं की मनोरीचं. मी मध्ये पडायचा एकदा प्रयत्न केला, तर दोघांनी मिळून मला गप्प केलं. कारण मी देशावरची, मला मासळीतलं काय कळतंय. शेवटी एके दिवशी तिरमिरीत ती घरच्या जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोलंबीची, मोठी पुडी घेऊन आली आणि मामांपुढे आपटली. “घरी न्या. खावा. मग बोला.” दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, “बरो आसा. पण मीठ कमी.” त्यावर तिनं पुढच्या खेपेला बोंबील आणले, मग सोलून सुकवलेल्या कोलंबीचे सोडे. सिस्टरनं घेतले, कँटीनवाल्यानं घेतले, सरांच्या घरीही गेले. आपण सुकं विकायला लागलोय हे धुर्पाबाईच्या ध्यानात आलं तोवर तिची गिऱ्हाइकं ठरून गेली होती. मामांनी हे सगळं ठरवून केलं की काय, ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “मीठ खरंच कमी होतं.”

मी ते रुग्णालय सोडलं, मालाडला दवाखाना टाकला. दशक संपत आलं तेव्हा मामा निवृत्त झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. भेटायला जायचं जायचं म्हणून राहून गेलं. हा माझा जुना आळस आहे, त्याला सबब नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी मालाडच्या बाजारात गेले होते. धुर्पाबाईच्या फळीसमोर ही गर्दी. वर बोंबलांच्या माळा, पुढ्यात जवळा, सोडे, सुके बांगडे. आणि गिऱ्हाइकांच्या पुढे, पाठमोरे, परबमामा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात कापडी पिशवी. त्यांनी तिचा उजवा हात उजेडाकडे वळवून धरला होता.

“हात सोडा ओ, गिऱ्हाईक खोळंबलंय,” ती म्हणत होती.

“खोळंबू दे. ह्या अंगठ्यात नवीन दाणो आसा.”

“ठाव हाय मना.”

“दोन महिन्यांनी तोंड करतलो. तेवा ड्रेसिंग रूमला जा. नवो पोरगो बरो आसा, मी बघितलंय.”

“मना नको नवा पोर. तुमी या मनोरीला.”

“येतंय. होडीचा तिकीट तू काढ.”

तो आजार गेला नव्हता आणि जाणारही नव्हता. ते दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही बाजारात उभं राहून त्याच्यावर असं बोलत होते, जसं कुणी छप्पर कधी शाकारायचं ते ठरवावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुक्या मासळीचा वास उग्र असतो, त्यामुळे कुणाला संशय आला नसावा.

मी हाक मारणार होते. पण धुर्पाबाईनं हात सोडवून घेतला आणि मामांचा जवळा कागदात घातला. पुडीवरून दोरा फिरवला, आखूड झालेल्या त्या पहिल्या बोटानं दाबून धरला, मधल्या बोटानं फेरा घेतला आणि झटक्यात गाठ मारली. मामा त्या बोटांकडे बघत राहिले. तिनं पुडी पुढे केली, तरी ती घ्यायचं त्यांना सुचेना.

“घेताव ना?” तिनं विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला.